काटा शून्यावर आला तरी झाकणाला हात लावू नका

सांगलीजवळ हळद आणि आल्यावर प्रक्रिया करणाऱ्या दोघा भावांनी कार्बन डायऑक्साइडवर चालणारा एक्स्ट्रॅक्शन प्लांट घ्यायचं ठरवलं आहे, म्हणजे दाबाखालच्या या गॅसने पुडीतून तेल ओढून काढणारा. हळदीतलं पिवळं द्रव्य, कुरकुमिन, हेही त्यांना काढायचं आहे; शेडचं बांधकाम अजून चालू आहे. व्हेसल, म्हणजे पूड भरायचं जाड बंद भांडं, २५ लिटरचं; कामाचा दाब ३०० बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे तीनशे पट. पुरवठादाराने त्यांना सांगितलं आहे की हा गॅस सोड्याच्या बाटलीत असतो, जळत नाही, विषारी नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेलाच आहे, सोबत ऑक्सिजन मीटर देतो, आणखी काही लागत नाही. त्यांचे प्रश्न तीन आहेत. ऑक्सिजन मीटर पुरतो का? रोजच्या कामात नेमकं काय सांभाळायचं? आणि रात्रपाळीला एकच माणूस ठेवला तर चालेल का?

मी गेली सतरा वर्षं अशा प्लांटवर काम करते आहे. आधी ऑपरेटरच्या हाताखाली, मग स्वतः शिफ्ट सांभाळून, आणि आता नवे प्लांट सुरू करून द्यायला जाते. या काळात जे प्रसंग अंगावर काटा आणून गेले, त्यांतला जवळजवळ एकही प्रसंग प्लांट ३०० बारवर चालू असताना घडला नाही. दाब पूर्ण असतो तेव्हा सगळे सावध असतात, यंत्राला कुणी हात लावत नाही. गडबड होते ती दाब उतरल्यावर, ‘झालं, आता उघडा’ असं कुणीतरी म्हणतं तेव्हा. म्हणून उत्तराची सुरुवात झाकणापासून करते.

तुमच्या २५ लिटरच्या व्हेसलचा आतला व्यास साधारण २० सेंटिमीटर असेल. म्हणजे झाकणाखालचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. ३०० बारला या झाकणावर आतून सुमारे ९६ टन जोर पडतो. हा आकडा ऐकून लोक घाबरतात आणि घाबरायलाच हवं. पण मी दुसरा आकडा जास्त वेळा सांगते. आत फक्त २ बार उरले असतील, तरी त्याच झाकणावर ६४० किलोचा जोर असतो. आणि तुमच्या पॅनेलवरचं गेज ० ते ४०० बारचं असेल, तर त्यावर २ बार दिसत नाहीत. काटा शून्याच्या खिळीला टेकलेलाच दिसतो. घरच्या प्रेशर कुकरची शिटी वाजते तेव्हा आत साधारण १ बारच जादा दाब असतो आणि तरीही आपण झाकण ओढत नाही. इथे झाकण त्याहून कितीतरी जड, आणि ते सुटलं तर वर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतं.

एका ठिकाणी मी नव्या मुलांना शिकवायला गेले होते. हळदीची बॅच संपली, व्हेंट, म्हणजे गॅस बाहेर सोडायचा वरचा व्हॉल्व्ह, उघडला, गॅस बाहेर जायला लागला. बारा मिनिटांत आवाज थांबला, काटा शून्यावर. ऑपरेटर क्लॅम्पचे बोल्ट सोडवायला पाना घेऊन पुढे आला. मला खटकली ती वेळ. त्या व्हेसलला रिकामं व्हायला रोज चाळीस मिनिटं लागत. आज बारा मिनिटांत कसं झालं? मी झाकणावर तळवा ठेवून पाहिला. झाकण कोमट होतं, व्हेसलभोवतीच्या जॅकेटमध्ये फिरणाऱ्या गरम पाण्याइतकं. गॅस खरोखर निघून गेला असता तर ते थंडगार पडून त्यावर पाण्याचे थेंब धरले असते, कारण प्रसरण पावताना कार्बन डायऑक्साइड आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. मी पाना काढून घेतला. खालचा ड्रेन व्हॉल्व्ह चिमूटभर उघडला तर जेटसारखा गॅस सुटला आणि पुढचा अर्धा तास सुटत राहिला. झालं होतं असं की हळदीची बारीक पूड तेलात भिजून झाकणातल्या फिल्टरला चिकटली होती आणि त्याचं बूच झालं होतं. गेज होतं फिल्टरच्या पलीकडच्या पाइपवर. ते बिचारं खरंच सांगत होतं, पण स्वतःच्या पाइपापुरतं.

या एका दुपारमुळे मी प्लांट घेणाऱ्या प्रत्येकाला ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी लिहून घ्यायला लावते. एक, दाब मोजायची जागा थेट व्हेसलच्या अंगावर हवी, मध्ये फिल्टर नको आणि बंद करता येईल असा व्हॉल्व्हही नको. दोन, दाब दोन स्वतंत्र ठिकाणी दिसायला हवा, एक सेन्सर आणि एक साधं काट्याचं गेज. दोन्ही एकाच टॅपिंगवर, म्हणजे व्हेसलच्या एकाच छिद्रावर, बसवली तर ती दोन नाहीत, एकच आहेत. तीन, ० ते १० बारचं एक लहान गेज, जे मुख्य दाब उतरल्यावरच जोडलं जाईल आणि चुकून मोठा दाब आला तर ज्याला संरक्षण असेल. शेवटचे २-३ बार तिथेच कळतात. चार, झाकणाचं लॉक सैल होण्याआधी एक छोटं छिद्र उघडलंच पाहिजे अशी यांत्रिक रचना. आत काही उरलं असेल तर ते आधी सूं करून ओरडतं. हे इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकवर, म्हणजे दाब असेपर्यंत झाकण उघडू न देणाऱ्या विजेच्या कुलपावर, सोडू नका, कारण इंटरलॉक बायपास करायला एक वायर पुरते आणि शनिवारी संध्याकाळी माल पाठवायचा असला की ती वायर कुणीतरी लावतोच.

रोजचा क्रम मग असा. व्हेसलकडे येणारे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पंप बंद आणि त्याच्या स्विचला कुलूप. वरचा व्हेंट उघडा. वेळ लिहा. आवाज थांबला की खालचा ड्रेनही उघडा आणि दोन्ही उघडेच ठेवा. लहान गेज शून्य. मग दहा मिनिटं थांबा, चहा घ्या हवा तर, आणि पुन्हा पाहा. ही दहा मिनिटं का, ते पुढे सांगते. त्यानंतर झाकण सैल करताना शरीर बाजूला, डोकं झाकणाच्या रेषेत कधीच नाही. अडकलं तर हातोडीने ठोकायचं नाही. अडकलेलं झाकण बहुतेक वेळा आत दाब असल्याचीच खूण असते.

दहा मिनिटांचं कारण कोरड्या बर्फात आहे. कार्बन डायऑक्साइडचा दाब ५.२ बारच्या खाली गेला की तो द्रवरूपात राहूच शकत नाही. एकतर गॅस होतो नाहीतर बर्फ, आणि वातावरणाच्या दाबाला त्या बर्फाचं तापमान उणे ७८ अंश असतं. घाईने व्हेंट केलं तर व्हेंटच्या पाइपात, व्हॉल्व्हच्या तोंडाशी, कधी व्हेसलच्या आतच असा बर्फ धरतो. पाइपात धरला तर गॅस अडतो आणि सगळं शांत होतं. आत धरला तर काटा शून्य दाखवतो, तुम्ही व्हॉल्व्ह बंद करून जेवायला जाता, आणि परत येईपर्यंत बर्फाचा गॅस होऊन दाब पुन्हा चढलेला असतो. म्हणून व्हेंट उघडेच ठेवायचे आणि थांबून पुन्हा पाहायचं. पाइपात बर्फाचं बूच धरलंय असं वाटलं तर पाना लावू नका, गॅसबत्ती तर नाहीच नाही. बाहेरून कोमट पाणी ओता आणि पाइपाच्या तोंडासमोरून बाजूला व्हा, कारण बूच सुटतं तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. व्हेंट व्हॉल्व्हला गरम पाण्याचं जॅकेट असलेला प्लांट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या.

सावकाश व्हेंट करण्याचं आणखी एक कारण ओ-रिंग, म्हणजे झाकण घट्ट बसवणारी रबरी कडी. दाबाखाली हा गॅस रबरात मुरतो. दाब एकदम काढला की तो रबराच्या आतच फुगतो आणि ओ-रिंगवर फोड येतात, चिरा पडतात. व्हायटॉन हे रबर सगळीकडे चांगलं म्हणून वापरलं जातं, पण या गॅसमध्ये ते चांगलंच फुगतं. बॅचनंतर ओ-रिंग काढून बोटांत फिरवून पाहायची सवय लावा. गुळगुळीत नसेल, मऊ फुगा लागला, तर ती टाकून द्यायची. ‘अजून एक बॅच काढू’ म्हणून ठेवायची नाही. ओ-रिंगच्या पेटीवर पैसे वाचवलेला प्लांट मला लांबूनच ओळखू येतो, कारण तिथे पंपाच्या ग्लँडखाली (दांड्याभोवतीच्या सीलखाली) पांढरं धुकं आणि फरशीवर कायम ओलावा असतो.

आता बंद पाइपातला द्रव. हे पुरवठादार सांगत नाहीत आणि मला वाटतं नव्या माणसाने हे सगळ्यात आधी शिकायला हवं. पंपाला गॅस नव्हे तर द्रव लागतो, म्हणून चिलरने कार्बन डायऑक्साइड ५ अंशांच्या आसपास थंड करून पंपाकडे नेतात. त्या तापमानाला त्याचा दाब फक्त ४० बार. समजा चिलर आणि पंप यांच्यामधला तुकडा द्रवाने काठोकाठ भरलेला असताना कुणी दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद केले आणि घरी गेलं. दुपारी शेड तापली, पाइप ३५ अंशांवर आला. पाण्याच्या मानाने हा द्रव गरम झाल्यावर फार जास्त पसरतो, आणि पसरायला जागा नाही. दाब अडीचशे बारच्या घरात जातो, म्हणजे दर अंशाला सुमारे ७ बार. हा भाग कमी दाबाचा समजून हलक्या पाइपाने बांधलेला असेल तर फुटतो. त्या वेळी पंप बंद आहे, प्लांट बंद आहे, आणि शेडमध्ये फक्त झाडणारी बाई आहे. म्हणून जिथे जिथे द्रव दोन व्हॉल्व्हच्या मध्ये अडकू शकतो, तिथे प्रत्येक तुकड्याला स्वतःचा छोटा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. प्लांट आल्यावर पाइपिंगचं चित्र घेऊन बसा, पेन्सिलने एकेक तुकडा रंगवा आणि विचारा: हा दोन्हीकडून बंद झाला तर? उत्तर नसेल तिथे व्हॉल्व्ह बसवून घ्या. व्हेसलचंही तेच: पंप बंद असताना भरलेल्या थंड व्हेसलच्या जॅकेटमध्ये गरम पाणी सोडलं तर दाब आपोआप चढतो. तेव्हा गरम करताना माणूस पॅनेलसमोरून हलायचा नाही.

इथे थोडं विषयांतर. ३१.१ अंश आणि ७३.८ बार ओलांडले की द्रव आणि गॅस हा भेदच राहत नाही. बेलफास्टमध्ये थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली हे व्यवस्थित मांडलं. साइट ग्लास असलेल्या प्लांटवर मी नव्या ऑपरेटरला एकदा तरी काचेसमोर बसवते. द्रवाची रेघ दिसत असते, तापमान चढतं तशी ती थरथरते, आत धुक्यासारखं काहीतरी दाटतं, आणि बघता बघता रेघ नाहीशी होते. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं, त्याला मग समजावावं लागत नाही की या पदार्थाला एका अंशाने किती फरक पडतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रप्चर डिस्क, म्हणजे ठरलेल्या दाबाला फाटून गॅस सोडून देणारी पातळ चकती, यांच्याबद्दल थोडक्यात. दोन्ही व्हेसलच्या डिझाइन दाबावर किंवा त्याखाली लागलेली हवीत, त्यांच्या खाली बंद करता येणारा व्हॉल्व्ह नको. त्यांचं तोंड शेडच्या आत सोडलेलं असेल तर ते तुमच्या माणसांवर रोखलेलं आहे असं समजा. पाइप छपराबाहेर नेला पाहिजे, पण लांब, बारीक आणि वळणावळणाचा नको, नाहीतर उडताना त्यातच बर्फ धरून तो बंद होतो. एकदा मला रप्चर डिस्कच्या जागी कापून बसवलेला जाड पत्रा सापडला. डिस्क सारखी फाटत होती म्हणून मेन्टेनन्सवाल्याने तो बसवला होता आणि तीन महिने प्लांट तसाच चालला. डिस्क सारखी का फाटते, हे कुणी शोधलं नव्हतं. दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह अडकत होता. डिस्क फाटली की आधी कारण शोधायचं आणि तेवढ्याच दाबाची नवी डिस्क बसवायची, दुसरं काही नाही. व्हेसलची दाबाची चाचणी (हायड्रो टेस्ट) पाण्यानेच करा, गॅसने कधीही नाही, आणि ठरल्या मुदतीला सक्षम व्यक्तीकडून तपासणीचा दाखला घ्या. पुढे १,००० लिटरहून मोठी साठवण टाकी घेतलीत तर तिला नागपूरच्या पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, परवाना लागेल, तो खर्च आत्ताच धरून ठेवा.

आता तुमचा पहिला प्रश्न, ऑक्सिजन मीटरचा. उत्तर स्पष्ट आहे: नाही, पुरत नाही.

लोकांना वाटतं हा गॅस ऑक्सिजनची जागा घेतो, म्हणून माणूस गुदमरतो. ते खरं आहे, पण अर्धंच. कार्बन डायऑक्साइड स्वतः शरीरावर काम करतो. हवेत तो साधारण ०.०४ टक्के असतो. ८ तासांच्या कामासाठी मान्य मर्यादा ०.५ टक्के, म्हणजे ५,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५,००० भाग). १५ मिनिटांसाठी ३ टक्के. ४ टक्क्यांना अमेरिकेची निऑश ही संस्था ‘जिवाला तत्काळ धोका’ म्हणते. ३ टक्क्यांना श्वास खोल आणि जोरात चालतो, डोकं जड होतं. ७ ते १० टक्क्यांत काही मिनिटांत शुद्ध हरपते, त्याहून पुढे एखाद्या मिनिटातच. आता ऑक्सिजन मीटरचं गणित करा. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. कार्बन डायऑक्साइड ५ टक्के मिसळला तर ऑक्सिजन फक्त १९.९ वर येतो. मीटरचा अलार्म १९.५ ला लावलेला असतो. म्हणजे तुमचा माणूस धापा टाकतोय, त्याला काही सुचत नाहीये, आणि मीटर हिरवा दिवा दाखवतोय. अलार्म वाजेपर्यंत कार्बन डायऑक्साइड साडेसहा टक्क्यांच्या पुढे गेलेला असेल.

हे तुमच्या खोलीत सहज घडू शकतं. २५ लिटरच्या व्हेसलमध्ये हळदीची पूड भरल्यावर गॅसला साधारण १५ लिटर जागा उरते. ४० अंश आणि ३०० बारला त्याची घनता लिटरला ०.९ किलोच्या वर असते, म्हणजे आत साडेतेरा किलो. एक किलोचा खोलीच्या तापमानाला सुमारे ५५० लिटर गॅस होतो. एकूण साडेसात घनमीटर. तुमची खोली ६ बाय ५ मीटर आणि साडेतीन मीटर उंच असेल, तर एका व्हेसलचा गॅस खोलीत सुटल्यावर हवा ७ टक्क्यांवर जाते, तेही सारखा मिसळला तर. तो सारखा मिसळत नाही. हवेपेक्षा दीडपट जड, त्यात सुटताना थंड; पहिली काही मिनिटं तो फरशीवरच पसरून राहतो, केबलच्या चरात उतरतो, पंपाच्या खड्ड्यात साचतो. खाली वाकून नट शोधणारा माणूस आधी त्यात सापडतो. ३० किलोचा एक सिलिंडर गळला तर याच्या दुपटीहून जास्त.

सांगलीच्या माणसाला हे मी वेगळ्या शब्दांत सांगू शकते. हरिपूरचं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार, तुम्ही पाहिलं असेल. तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे; ते काही तास उघडं ठेवत, मग कंदील सोडून बघत, विझला तर थांबत. ही समज तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तुमची एक्स्ट्रॅक्शनची खोली हे दुसरं पेव आहे असं धरून चाला. फक्त कंदिलावर विसंबू नका, कारण ७-८ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये कंदील जळत राहील आणि माणूस पडेल.

म्हणून हवा तो कार्बन डायऑक्साइडचाच मीटर, इन्फ्रारेड पद्धतीचा. बसवायचा फरशीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर, पंपाजवळ एक आणि व्हेसलजवळ एक. एका प्लांटवर माणसांची रोज दुपारी डोकी दुखत. मीटर होता, पण धुराच्या डिटेक्टरसारखा दाराच्या वर बसवलेला. तो १,८०० पीपीएम दाखवत होता. मी हातातला मीटर गुडघ्याजवळ धरला तर २६,०००. पंपाची ग्लँड गळत होती. पहिला अलार्म ५,००० ला लावा, त्यावर एक्झॉस्ट आपोआप सुरू झाला पाहिजे. दुसरा ३०,००० ला, त्यावर खोली रिकामी. अलार्म खोलीच्या बाहेरही वाजला आणि दिसला पाहिजे, म्हणजे आत जाणाऱ्याला आधी कळेल. एक्झॉस्टचं तोंड खाली, फरशीजवळ ठेवा, आणि बाहेर काढलेला गॅस छपरावर सोडा. मागच्या खोलगट अंगणात सोडलात तर तिथे मुलं खेळतात. साधा मास्क, ओला रुमाल, रसायनांसाठी मिळतो तो काडतुसाचा मास्क, यातलं काहीही या गॅसला अडवत नाही.

दोन जागा लोक विसरतात. पहिली, उघडलेलं व्हेसल. झाकण निघालं, दाब गेला, पण आत गॅस विहिरीतल्या पाण्यासारखा काठापर्यंत असतो. पूड भरलेली बास्केट अडकली म्हणून डोकं आत घालून ओढायचं नाही; हुक वापरा, बास्केटला उंच कडी लावून घ्या. दुसरी, बाहेर काढलेला माल. तेल काढून झालेली पूड कितीतरी वेळ गॅस सोडत राहते. तिची पोती बंद खोलीत किंवा गाडीत काचा लावून ठेवू नका. सेपरेटरमधून, म्हणजे गॅस आणि तेल वेगळं होतं त्या भांड्यातून, काढलेलं तेलही तसंच, सोड्यासारखं फसफसतं. बाटली भरून लगेच घट्ट बूच लावलं तर काचेची बाटली फुटते. उघड्या भांड्यात काही तास राहू द्या, मग बाटलीत.

तुम्ही प्रश्नात कुरकुमिनचा उल्लेख केला आहे, म्हणून हे लिहायलाच हवं. शुद्ध कार्बन डायऑक्साइडने हळदीचं तेल छान निघतं, कुरकुमिन मात्र जवळजवळ निघत नाही. त्यासाठी सोबत इथेनॉल द्यावं लागतं, आणि इथेनॉल आलं की ‘जळत नाही’ हे पुरवठादाराचं वाक्य खोटं ठरतं. इथेनॉलची वाफ हवेत साडेतीन टक्क्यांच्या आसपासही पेट घेते. त्यात जोराने सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये बर्फाचे कण असतात आणि त्यांच्या घासण्याने स्थिर वीज तयार होते. त्या खोलीतले दिवे, मोटार, स्विच फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेर पेट होऊ न देणारे, हवेत, प्रत्येक भांडं आणि पाइप अर्थ केलेला हवा. माझा सल्ला, पहिलं वर्ष इथेनॉलच्या वाटेला जाऊ नका. तेलात हात बसू द्या.

सिलिंडरबद्दल एवढंच की गेजवरून किती उरलाय ते कळत नाही. आत द्रवाचा थेंब असेपर्यंत दाब तापमानाप्रमाणेच राहतो, म्हणून वजनकाट्यावर ठेवा. सावलीत ठेवा, साखळीने बांधा. थंडीत दाब कमी पडतो म्हणून सिलिंडरखाली शेगडी लावलेली मी पाहिली आहे. तसं कधीही करू नका.

राहिला रात्रपाळीचा एक माणूस. नाही. आणि हे पैशाच्या हिशेबाने सोडवू नका. या गॅसला रंग नाही, नाकाला सांगण्यासारखा वास नाही. जो आत पडतो त्याला हाक मारायला वेळ मिळत नाही, आणि सकाळी त्याला पाहून जो धावत आत जातो तो दुसरा. विहिरीत उतरलेल्या माणसामागे भाऊ उतरतो आणि दोघंही दगावतात, अशी बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो. तुम्ही दोघं भाऊच आहात, म्हणून जास्त स्पष्ट लिहिते. दोन माणसं हवीत, एक आत आणि एक दाराबाहेर, आतला काचेतून दिसेल असा. बाहेरच्याने काय करायचं ते भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा: बाहेरूनच प्लांट बंद, एक्झॉस्ट चालू, दारं सताड उघडी, १०८ ला फोन. पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला संच आणि तो वापरायचं शिक्षण असल्याशिवाय मीटर उतरेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, आत कुणीही पडलेलं असलं तरी.

तोपर्यंत दिवसाच चालवा. भरणं, दाब चढवणं, काढणं आणि उघडणं धरून सकाळी ९ ते संध्याकाळी ६ मध्ये दोन बॅच नीट होतात, आणि पहिले सहा महिने तेवढ्या पुरेत. शेडचं बांधकाम अजून चालू आहे असं तुम्ही लिहिलं आहे, ते बरंच झालं. प्लांट बंद करायचं बटण आणि एक्झॉस्टचा स्विच दोन्ही दाराच्या बाहेर, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. भिंतीला प्लास्टर व्हायच्या आत इलेक्ट्रिशियन आणि सुतार दोघांना बोलावून तेवढं खुणा करून घ्या.